ओवाळणीत मागितलेली रात्र

५ ऑक्टोबर, रविवार

कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरी होती. रुपाली म्हणाली, "रोज मला जे ऐकवतोस ते हिच्यात लिही. ही उलट बोलणार नाही." माझ्या बायकोचं माहेर सदाशिव पेठेतलं, त्यामुळे असं बोलणं तिला शिकावं लागलं नाही. मी दारव्ह्याहून पुण्यात येऊन पंधरा वर्षं झाली. आता मलाही बऱ्यापैकी जमतं.

लिहायला विषय एकच आहे. ऋतुजा. माझी बहीण, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. ऑगस्टपासून आमच्याकडे कर्वेनगरला राहते. आधी सदाशिव पेठेत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन होती. का सोडली विचारलं तर म्हणाली, जिन्यात दिवा नाही. दिव्यासाठी कोणी घर सोडतं का? त्याच महिन्यात स्कूटर विकली. आता कॅबने जाते आणि दिवस मावळायच्या आत घरी. पूर्वी हीच मुलगी रात्री दहा-दहापर्यंत ऑफिसात बसायची.

काम तिचं बाणेरला, व्हिडिओ गेमच्या एका स्टुडिओत. गेममधली झाडं, घरं, डोंगर काढते. दारव्ह्यात कोणी विचारलं की मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणून सोडून देतो.

पुढच्या रविवारी मुलगा बघायला जायचंय. नाव साईनाथ, यवतमाळचे लोक, मुलगा हिंजवडीला. मी संध्याकाळी सातची वेळ ठरवली. ऋतुजा म्हणाली, "दादा, दुपारची नाही का जमणार?" मी म्हटलं, दुपारी काय भाजी घ्यायला जायचंय?

१२ ऑक्टोबर, रविवार

डोकं तापलंय, म्हणून लगेच लिहितोय.

कोथरूडच्या एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये भेटलो. झाडांना लायटिंग, टेबलावर मेणबत्ती, सगळं छान. साईनाथच्या आईंनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. ऋतुजा त्यांच्या तोंडाकडे बघून हसत बोलत राहिली आणि बॉक्स तसाच हवेत. शेवटी मीच घेतला. मग पाण्याचा ग्लास उलटवला. मुलगा आणि ती थोडा वेळ वेगळे बसून बोलले, तिथून परत येताना लॉनच्या पायरीवर अडखळली. त्या बाई तिला सावरायला उठल्या, तर त्यांच्याकडे न बघता खुर्चीच चाचपत बसली.

गाडीत मी विचारलं, "मनात नव्हतं तर आधी सांगायचं. असं वागून त्यांचा अपमान कशाला?"

"मी मुद्दाम केलं नाही, दादा."

"मग मुद्दाम न करता इतकं जमतं, हे कौतुकच आहे."

रुपालीने मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे आता गप्प बस. बसलो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नकार आला. कारण दिलं नाही. ते मला माहीत आहे. ऋतुजाला म्हटलं, "पेढे हातात घ्यायला काय जात होतं?" ती म्हणाली, "साईनाथ चांगला मुलगा आहे." नकार देणाऱ्याचं कौतुक करणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

सकाळीच ओवाळलं तिने. आम्ही नेहमी संध्याकाळी करतो, पण ती अडूनच बसली. मी पाकीट ताटात ठेवलं, तिने ते उचलून माझ्या खिशात परत घातलं.

"मला हे नको. तेरा नोव्हेंबरला रात्री माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

गेम खेळायचा एक नवा कन्सोल येतोय म्हणे. नगर रस्त्यावरच्या मॉलमध्ये रात्री बाराच्या ठोक्याला विक्री सुरू होणार. तिने महिन्यापूर्वीच नंबर लावलाय. रांग, मोठा पडदा, गाणी, असा सगळा थाट.

मी म्हटलं, "सत्तावीस वर्षांची झालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जाऊन तेच खोकं मिळेल ना?"

"मिळेल. पण त्या रात्री तिथे एक गेम दाखवणार आहेत. तो मला तिथेच बघायचाय."

"मग मैत्रिणीबरोबर जा."

"मैत्रिणी असणारच आहेत. मला तू हवायस." मग म्हणाली, "तू बरोबर असलास की मला भीती वाटत नाही."

आता याला काय नाही म्हणणार? हो म्हटलं. तिने माझ्या पायाला हात लावला, तो आधी फरशीला लागला, मग पायाला. कोणता गेम हे मी विचारलं नाही. गेमसारखा गेम.

२ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन. दुसऱ्या स्थळाचं विचारत होती. मी ऋतुजाच्या तक्रारी सांगितल्या, तर मध्येच म्हणाली, "तिले रात्री नीट दिसते ना रे?"

"न दिसायला काय झालं? दिवसभर कॉम्प्युटरवर बारीक चित्रं काढते."

"नाही, शंभूचं तसं होतं ना. दिवस मावळला की ओट्यावरून उठेच नाही."

शंभूमामा माझ्या लहानपणीच गेले. सगळे त्यांना आळशी म्हणायचे. आईला म्हटलं, तुझ्या भावाची तुलना तिच्याशी करू नकोस. आईला राग आला असावा. जेवण झालं का वगैरे न विचारता फोन ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

घरातले सगळे दिवे ही मुलगी चालू ठेवते. पॅसेज, बाथरूम, बाल्कनी. मी मागून बंद करत फिरतो. काल रात्री मी पॅसेजमधला बंद केला आणि दोन मिनिटांत टीपॉयचा आवाज. रुपाली आज म्हणाली, "तिच्या नडग्या बघितल्यास? काळ्यानिळ्या झाल्यात."

मी म्हटलं, मोबाइलमध्ये बघत चालल्यावर दुसरं काय होणार.

"काल तिच्या हातात मोबाइल नव्हता," रुपाली म्हणाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळचे सहा. उद्या ग्राहक कंपनीचं ऑडिट आहे आणि आज रात्री मी गेमच्या रांगेत उभा राहणार. रुपालीला म्हटलं, तिला समजावून सांगतेस का? ती म्हणाली, "शब्द तू दिलास. परत घ्यायचा तर तूच घे." आत ऋतुजा इस्त्री केलेला कुडता घालून आरशासमोर उभी आहे. कानात आईने दिलेले झुमके. एका खोक्यासाठी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑडिट पार पडलं. काल रात्रीचं लिहितो.

साडेदहाला पोचलो. मॉलच्या मागचं मोकळं आवार, दोऱ्या बांधून केलेली रांग, तीनेकशे पोरं. कडेला भलामोठा पडदा. निळे-जांभळे दिवे फिरत होते, एरवी काळोख. गाडीतून उतरल्यापासून ऋतुजाने माझं कोपर धरलं होतं. गर्दीत ते अवघडल्यासारखं होत होतं. मी म्हटलं, "सोड आता, लहान आहेस का?" तिने सोडलं. थोड्या वेळाने पुन्हा बाही पकडली, अगदी दोन बोटांनी.

खूश होती मात्र. पडद्यावर जाहिराती चालल्या होत्या. म्हणाली, "बारा वाजता पडद्याकडे बघ हं, दादा. माझ्याकडे नको, पडद्याकडे."

सव्वाअकराला माझ्या साहेबांचा फोन आला. एक रिपोर्ट सापडत नव्हता. गाण्यांमुळे काही ऐकू येईना. मी तिला म्हटलं, "इथेच थांब, आलोच." ती म्हणाली, "दादा, लांब जाऊ नकोस." मी गेटबाहेर गेलो.

फोन दहा मिनिटांत संपला. हे लिहायला हवं. दहा मिनिटांतच संपला. बाहेर चहाची गाडी होती. मी चहा घेतला, मग अजून एक. कंटाळा आला होता, आत जाऊन पुन्हा तिचा हात बाहीवर नको होता. बाराला आतून उलटी मोजणी ऐकू आली, सगळे दिवे गेले, एकच आरडाओरडा. मग मी निघालो.

आत दिवे परत आले होते. रांग मोडली होती. दोरीचे चार खांब आडवे, कन्सोलची पुठ्ठ्याची मोठी प्रतिकृती फाटलेली, आणि त्या सगळ्यात ऋतुजा जमिनीवर बसलेली. सुरक्षारक्षकाने तिचा दंड धरला होता.

"मॅडम, पिऊन आलात का? सरळ चालता येत नाही?"

एक पोरगा म्हणत होता, "माझ्या अंगावर पडली ही. समोर माणूस आहे ते दिसत नाही?"

सगळे बघत होते. मोबाइल वर झाले होते. मी पुढे झालो आणि म्हटलं, "भाऊ, माफ करा, माझी बहीण आहे. प्यायलेली नाही. हिचं असंच आहे." आणि तिला म्हटलं, "डोळे घरी ठेवून आलीस का?"

पोरं हसली. रक्षकही हसला आणि त्याने दंड सोडला. म्हणजे त्या वाक्याने प्रसंग निभावला, असं मला वाटलं.

ती माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होती. रडली नाही. गुडघ्याजवळ कुडता फाटला होता. माइकवर नंबर पुकारत होते, तिचा एक्केचाळिसावा होता. मी म्हटलं, "चल, घेऊन टाकू."

"नको. घरी जाऊ."

"आता एवढं आलोय तर..."

"दादा, घरी."

मला तेच हवं होतं. निघताना पडद्यावर गेम सुरू होता. एक तळं, दगडी पायऱ्या, पाण्यावर वाकलेला पिंपळ. चित्र सुरेख होतं. क्षणभर वाटलं, हे कुठेतरी पाहिलंय. लोक टाळ्या वाजवत होते. तिने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. इतका हट्ट करून यायचं आणि मग बघायचंही नाही.

गाडीत डोळे मिटून बसली. मी ओरडलो नाही, हे मात्र खरं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस ऋतुजा रुपालीशी बोलते, पण माझ्याशी नाही. आज ती रुपालीबरोबर बाजारात गेली असताना वैष्णवी आली. तिच्याच स्टुडिओतली. हातात फ्रेम केलेलं चित्र होतं. तेच तळं, तोच पिंपळ.

"टीमने सगळ्यांना आपापल्या लेव्हलची प्रिंट दिली," ती म्हणाली. "ऋतुजाची राहिली. त्या रात्री ती होती कुठे, दादा? आम्ही सगळे पडद्याजवळ थांबलो होतो. तिची लेव्हल पहिली दाखवली. परदेशातून डायरेक्टर आले होते, त्यांनी माइकवर तिचं नाव घेतलं. ती आलीच नाही."

मी म्हटलं, "तिची लेव्हल म्हणजे?"

वैष्णवीने चित्रावर बोट ठेवलं. "हे तळं तिनेच काढलंय. पूर्ण. दीड वर्ष लागलं तिला. तुमच्या गावचं आहे ना?"

दारव्ह्याच्या बाहेरचं तळं. मी त्यात पोहायला शिकलो. ती पायरीवर बसून माझे कपडे सांभाळायची.

"आम्ही तिला म्हटलं होतं, आम्ही घ्यायला येतो," वैष्णवी सांगत होती, "अंधारात तिला एकटीला जमणार नाही. पण ती म्हणाली, दादा आणणार आहे. मग आम्ही निश्चिंत. आणि दिवे बंद करणार हे आम्हालाही माहीत नव्हतं, नाहीतर कोणीतरी तिच्याजवळ थांबलं असतं."

"अंधारात का जमणार नाही?"

आता तिचा चेहरा बदलला. "तुम्हाला माहीत नाही?"

मग तिलाच सांगावं लागलं. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होणारा आजार. आधी रात्रीचं जातं, मग कडेचं. समोरचं तेवढं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. जूनमध्ये कळलं. औषध नाही. पुढे किती दिसेल आणि किती वर्षं, ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. स्टुडिओत सगळ्यांना माहीत आहे, तिला खिडकीजवळची जागा दिलीय.

चहा विचारायचं राहून गेलं. वैष्णवी फ्रेम सोफ्यावर ठेवून गेली.

बाजारातून दोघी आल्या तेव्हा मी दार उघडलं. रुपालीच्या हातात पिशव्या होत्या आणि ऋतुजाचा हात रुपालीच्या खांद्यावर. रुपालीला माहीत आहे का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी टाकली. रुपाली ऑफिसला गेल्यावर ऋतुजाच्या खोलीत गेलो. फ्रेम तिने भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"वैष्णवीने सांगितलं," मी म्हटलं.

"कळलं. तिचा मेसेज आला."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने चादर घडी करायला घेतली. "सांगणार होते. त्या रात्री गेम दाखवून झाला की तिथेच सांगणार होते. आधी तू तळं बघावंस, मग हे ऐकावंस, असं मनात होतं. उलट झालं असतं तर तू तळं बघितलंच नसतंस. नुसतं माझ्याकडे बघत बसला असतास."

मी म्हटलं, "मी बाहेर चहा पीत होतो."

हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं की मी फोनवर होतो. मला ते लपवता आलं असतं. तिचे हात थांबले.

"मी तुला हाका मारल्या," ती म्हणाली. "दिवे गेले तेव्हा. कुठल्या बाजूला जायचं कळेना. मला वाटलं गर्दीच्या आवाजात तुला ऐकू येत नसेल, म्हणून मीच चालायला लागले."

मग मी साईनाथचा विषय काढला, का ते ठाऊक नाही. बहुधा काहीतरी माझ्या बाजूचं शिल्लक आहे का ते शोधत होतो. म्हटलं, त्या दिवशी तरी सांगायचंस, मी उगाच बोललो नसतो.

"त्याला सांगितलं होतं मी. तिथेच, वेगळे बोललो तेव्हा. मुलांनाही होऊ शकतं, तेही सांगितलं. तो म्हणाला, विचार करून कळवतो, आणि तुझ्या घरी माहीत नसेल तर माझ्याकडून कळणार नाही. त्याने घरीही कारण सांगितलं नसणार."

म्हणजे एका परक्या मुलाने पंधरा मिनिटांत तिचं ऐकून घेतलं आणि महिनाभर तोंड मिटून ठेवलं. आणि मी तो महिनाभर पेढ्यांवरून बोलत होतो.

"ऋतू, चुकलो मी," मी म्हटलं. हे नाव किती वर्षांनी तोंडात आलं.

"हं," ती म्हणाली. "घडी झाली, ही कपाटात ठेवतोस?"

१९ नोव्हेंबर, बुधवार

रुपालीला सप्टेंबरपासून शंका होती. तिने ऋतुजाला सरळ विचारलं, ऋतुजाने सांगितलं आणि कोणाला बोलू नकोस म्हणाली. मी म्हटलं, "मला तरी खुणावायचं होतंस." रुपाली म्हणाली, "नडग्या दाखवल्या. हातात मोबाइल नव्हता, तेही सांगितलं. अजून काय, बोर्ड लावायचा होता?" नेहमीसारखं बोलली, पण डोळ्यांत पाणी होतं.

पॅसेजमधला दिवा मी आता बंद करत नाही. एवढंच सुचलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कन्सोल कुठेच शिल्लक नाही. नगर रस्ता, कॅम्प, औंध, सगळीकडे जाऊन आलो. एका दुकानदाराने विचारलं, "लहान कोणी आहे का घरी?" मी म्हटलं, बहीण आहे. घरी येऊन सांगितलं तर ऋतुजा म्हणाली, "कशाला फिरलास? मला खोकं नको होतं, मी तुला म्हटलं होतं तसं." म्हटलं होतं खरं. भाऊबीजेच्या पानावर मीच लिहून ठेवलंय.

तो रक्षकाचा व्हिडिओ कोणीतरी टाकला होता. वैष्णवीने मागे लागून काढून टाकायला लावला. मी त्याआधी पाहिला. त्यात माझा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आवाज ओळखीचाच आहे, रोज ऑफिसात, घरात मी असाच बोलतो.

३० नोव्हेंबर, रविवार

वैष्णवीने घरी बोलावलं होतं. तिला त्या रात्री कन्सोल मिळाला होता. आम्ही भर दुपारी गेलो. ऋतुजा टीव्हीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली, मी तिच्या शेजारी. वैष्णवीने कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली.

मला नीट खेळता येत नाही. माझा माणूस दोनदा पाण्यात पडला. ऋतुजा सांगत होती, "अंगठा हळू. पायऱ्यांवर ने त्याला. त्या दगडाची कड बघ, झिजलेली आहे, ती करायला मला आठ दिवस लागले." मी बघत होतो. खरंच झिजलेली होती. शेवाळ होतं, पाण्याची ओली रेघ होती. ते तळं मी हजार वेळा पाहिलंय आणि मला त्यातलं काहीच सांगता आलं नसतं.

मग गेममध्ये संध्याकाळ झाली. आकाश आधी तांबूस, मग निळसर, मग काळं पडलं. ती पुढे सरकली, अजून पुढे, नाक पडद्याला लागेल इतकी. मग मागे टेकून बसली.

"आता मला नाही दिसत," ती म्हणाली. "त्या मोठ्या पडद्यावर दिसलं असतं. त्याला उजेड खूप असतो. मी ऑफिसात एकदा तसल्या पडद्यावर करून बघितलं होतं. तेव्हा गेममधली ही रात्र अर्धीच काढून झाली होती, पूर्ण झालेली मी पाहिलीच नाही. म्हणून जायचं होतं."

सूर तक्रारीचा नव्हता. दुकानात एखादी वस्तू संपलीय असं सांगावं तसं तिने सांगितलं. मी विचारलं, परत कधी दाखवतील का तसं? ती म्हणाली, नाही, ते एकदाच असतं. आणि सध्या तिला कडेचं आणखी कमी दिसतंय. परवाच तपासून आली.

मग म्हणाली, "तू सांग ना, कसं दिसतंय."

मी म्हटलं, "छान दिसतंय."

ती थांबून राहिली.

"पाणी काळं आहे," मी म्हटलं. "पण सगळीकडे सारखं नाही. पिंपळाखाली जास्त काळं, मध्ये थोडं चांदीसारखं. चंद्र अर्धा आहे. पायऱ्या वरच्या तीन दिसतात, खालच्या पाण्यात असाव्यात. पलीकडच्या काठावर एक दिवा आहे, लहान. हलतोय."

"पाण्यातला हलतोय की काठावरचा?"

मी नीट बघितलं. "पाण्यातला. काठावरचा स्थिर आहे."

"बरोबर," ती म्हणाली आणि डोळे मिटले. "गेममध्ये सकाळ व्हायला बारा मिनिटं लागतात."

बारा मिनिटं मी सांगत राहिलो. मध्ये दोनदा शब्द संपले, तेव्हा पुन्हा पाण्यापासून सुरुवात केली. वैष्णवी चहा घेऊन दारात थांबली होती, आत आली नाही.